नाव कुठून फुटते?

एन्रॉन हे नाव महाराष्ट्रात दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे घरोघरी पोहोचले. 2001 मध्ये गुहागर तालुक्यातला तो प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेत ह्यूस्टनच्या मुख्यालयात, कंपनीच्या एक उपाध्यक्ष शेरॉन वॉटकिन्स यांनी अध्यक्ष केनेथ ले यांना पत्र लिहिले. हिशेबातल्या लबाड्या उघड झाल्या तर कंपनी कोसळेल, अशी भीती त्यांनी त्यात व्यक्त केली होती. पहिले पत्र निनावी होते. काही दिवसांनी त्या स्वतः पुढे आल्या आणि ले यांना प्रत्यक्ष भेटल्या. भेटीनंतर दोनच दिवसांत कंपनीच्या बाहेरच्या वकिलांचा ईमेल आला. अशा तक्रारदाराला कामावरून काढले तर कोणते धोके संभवतात, याचा ऊहापोह त्यात होता; टेक्सासच्या कायद्यात खासगी कंपनीतल्या तक्रारदाराला संरक्षण नाही, हेही त्यात नमूद होते. 2 डिसेंबर 2001 रोजी एन्रॉनने दिवाळखोरीचा अर्ज केला.

या ईमेलमध्ये धमकी नव्हती की शिवीगाळ नव्हती. विचारलेल्या शंकेला दिलेले ते शांत, व्यावसायिक उत्तर होते. मोठ्या कंपनीत तक्रारदाराचे नुकसान बहुधा अशाच शांतपणे होते. वार्षिक अप्रेझलमध्ये रेटिंग एक पायरी खाली येते. चांगला प्रोजेक्ट हातून जातो. मुले शाळेत रुळलेली असताना दूरची बदली येते. चार वर्षे कोणी न पाहिलेली प्रवासखर्चाची बिले अचानक तपासायला मागवली जातात. यातली कोणतीही गोष्ट सूड म्हणून सिद्ध करणे फार कठीण. म्हणून सूड उगवल्यावर दाद मागण्यापेक्षा सूड घ्यायचा कोणावर हेच कळू न देणे, ही तक्रारदाराची खरी ढाल ठरते. आम्हाला या लेखात याच ढालीविषयी बोलायचे आहे, कारण ती कशी घडते आणि कुठे तडकते याबद्दल कर्मचाऱ्यांना फार कमी सांगितले जाते. नोकरीवर रुजू होताना आचारसंहितेच्या पुस्तिकेवर सही घेतली जाते, वर्षातून एकदा ऑनलाइन प्रशिक्षणाचे पडदे पुढे सरकवले जातात, आणि विषय संपतो.

एन्रॉननंतर अमेरिकेत 2002 मध्ये सार्बेन्स-ऑक्सली कायदा आला. हिशेबाविषयीच्या तक्रारी कर्मचाऱ्यांना गोपनीयपणे आणि निनावी करता याव्यात, यासाठी लेखापरीक्षण समितीने व्यवस्था उभारावी, असे त्याने नोंदणीकृत कंपन्यांवर बंधन घातले. आपल्याकडे अशी व्यवस्था बराच काळ ऐच्छिक होती. 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिली आणि नियम कडक करण्याची निकड सगळ्यांनाच पटली. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 177 ने प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला दक्षता यंत्रणा सक्तीची केली. लोकांकडून ठेवी घेणाऱ्या आणि बँका व सार्वजनिक वित्तीय संस्थांकडून 50 कोटी रुपयांहून अधिक कर्ज घेतलेल्या कंपन्याही तिच्या कक्षेत आल्या. या कलमातल्या दोन गोष्टी प्रत्येक कर्मचाऱ्याला ठाऊक असायला हव्यात. तक्रारदाराचा छळ होऊ नये यासाठी यंत्रणेत पुरेशी तजवीज असली पाहिजे, ही पहिली. योग्य किंवा अपवादात्मक प्रसंगी त्याला लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे थेट जाता आले पाहिजे, ही दुसरी. साहेबाच्या साहेबाविषयी तक्रार असेल तेव्हा ही दुसरी वाटच उपयोगी पडते. यंत्रणेचा तपशील कंपनीच्या संकेतस्थळावर आणि संचालक मंडळाच्या अहवालात द्यावा लागतो, म्हणजे तो पाहण्यासाठी एचआरला विचारायला जाण्याची गरज नाही. विचारायला जाणे हीच कधी कधी पहिली चूक ठरते.

इथे दोन शब्द वेगळे करून घ्यायला हवेत, कारण बहुतेक गोंधळ त्यांच्यातच होतो. निनावी तक्रार म्हणजे लिहिणारा कोण हे कोणालाच माहीत नाही. गोपनीय तक्रार म्हणजे ते एका-दोघांना माहीत आहे आणि ते कोणाला सांगणार नाहीत. पहिलीत सुरक्षितता स्वतःच्या हातात राहते, पण लिहिणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. दुसरीत तपास पुढे सरकतो, पण भरवसा दुसऱ्यावर टाकावा लागतो. 2019 मध्ये इन्फोसिसबाबत 'नीतिमान कर्मचारी' असे स्वतःला म्हणवणाऱ्यांचे निनावी पत्र संचालक मंडळाकडे आणि अमेरिकेच्या बाजार नियामकाकडे गेले. ते जाहीर झाल्यावर 22 ऑक्टोबरला कंपनीचा शेअर सुमारे 16 टक्के घसरला. लेखापरीक्षण समितीने बाहेरच्या विधी व हिशेबतज्ज्ञांकडून चौकशी करून घेतली आणि जानेवारी 2020 मध्ये आरोपांत तथ्य नसल्याचा निष्कर्ष जाहीर केला. आपल्याकडे पुरावे असल्याचे पत्र लिहिणाऱ्यांनी म्हटले होते. पण असे पुरावे तपासणाऱ्यांच्या हाती पडण्याचा सुरक्षित मार्ग आधीच आखलेला नसेल, तर निनावी पत्र तिथेच थांबते. दुसरीकडे टीसीएसचे उदाहरण पाहा. कर्मचारी पुरवणाऱ्या एजन्सींशी संबंधित गैरव्यवहाराच्या तक्रारीवरून चौकशी झाली, आणि 19 कर्मचारी दोषी आढळल्याचे, त्यांतल्या 16 जणांना घरी पाठवल्याचे व 6 एजन्सींना मज्जाव केल्याचे कंपनीने ऑक्टोबर 2023 मध्ये शेअर बाजाराला कळवले. तक्रार एखाद्या ठोस व्यवहाराला बोट लावणारी असली की तपासणाऱ्याला धागा सापडतो.

निनावी राहूनही संवाद चालू ठेवण्याची सोय आता अनेक मोठ्या कंपन्यांत आहे. बाहेरची संस्था हेल्पलाइन किंवा पोर्टल चालवते. तक्रार केली की एक क्रमांक आणि पासवर्ड मिळतो, आणि तो वापरून तपासणाऱ्याचे प्रश्न वाचता येतात, उत्तरे देता येतात. नाव कोणालाच कळत नाही. तो क्रमांक हरवला मात्र धागा तुटतो. तेव्हा क्रमांक घरच्या वहीत लिहून ठेवावा, ऑफिसच्या फोनमध्ये नव्हे.

आता मूळ प्रश्न. नाव फुटते कुठून? सहीतून ते क्वचितच फुटते. बहुतेक वेळा मजकूरच ते सांगून टाकतो.

समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यातल्या परचेस विभागात कोणाच्या तरी लक्षात आले की तीन वेगवेगळ्या व्हेंडरांच्या कोटेशनमध्ये एकाच शब्दाची तीच चूक आहे. म्हणजे तिन्ही कोटेशन एकाच टेबलावर तयार झाली. मनातला संताप तसाच कागदावर उतरवला तर पत्र असे होते: मागच्या मंगळवारच्या मीटिंगनंतर साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले की मधल्या व्हेंडरचे बघून घे. त्या मीटिंगला चौघे होते. साहेबांना पत्राचा सारांश जरी कळला तरी लिहिणारा कोण हे ओळखायला त्यांना पाच मिनिटे पुरतील. तेच पत्र असेही लिहिता येते: अमुक तिमाहीतल्या अमुक क्रमांकांच्या खरेदी ऑर्डरमागची कोटेशन एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत, शब्दरचना आणि चुका सारख्या आहेत. ही कागदपत्रे परचेस, स्टोअर आणि अकाउंट्स अशा तीन विभागांतून जातात. लिहिणारा चौघांतला एक न राहता तीस-चाळीस जणांतला एक होतो. शिवाय साक्ष द्यायला कागद उभा राहतो, माणसाला उभे राहावे लागत नाही. आमच्या मते तक्रारदाराने शिकण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच: जे फक्त आपल्यालाच माहीत आहे ते पहिल्या पत्रात लिहू नये, जे अनेकांच्या डोळ्यांसमोरून गेले पण कोणी पाहिले नाही, तिथे बोट ठेवावे. आपल्याशी झालेले बोलणे सांगायचेच असेल तर ते तपासणाऱ्याची विश्वासार्हता पाहून, पुढच्या टप्प्यावर.

बारीकसारीक गोष्टीही माग सोडतात. फाइलच्या गुणधर्मांत संगणकाच्या मालकाचे नाव राहते. कंपनीच्या लॅपटॉपवरून, कंपनीच्या वाय-फायवरून केलेल्या कामाची नोंद कंपनीकडे असते. आपली ठरावीक वाक्ये, मेलच्या शेवटी नेहमी येणारा एखादा शब्द सहकारी सहज ओळखतात. आणि पुराव्यासाठी म्हणून कंपनीची कागदपत्रे घरच्या ईमेलवर पाठवण्याचा मोह टाळलेला बरा. त्यातून माग तर राहतोच, वर माहिती बाहेर नेल्याचा ठपका तक्रारदारावरच येतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. कागदाचा क्रमांक, तारीख आणि तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे एवढे टिपून ठेवले तरी तपासणाऱ्याचे काम होते. यंत्रणेला दोष देण्याआधी हेही मान्य करायला हवे की पुष्कळदा गुपित कँटीनमध्येच फुटते. विश्वासातल्या एका मित्राला सांगितले जाते, तो आपल्या एका मित्राला सांगतो, आणि या कानाचे त्या कानाला व्हायला दुपारचा चहा पुरतो.

पण सगळा भार तक्रारदारावर टाकणे अन्यायाचे होईल. नाव वरूनही फुटते, किंवा ते फोडण्याचा प्रयत्न वरून होतो. ब्रिटनच्या बार्कलेज बँकेत 2016 मध्ये एका नव्याने नेमलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याविषयी निनावी पत्र आले. मुख्य कार्यकारी अधिकारी जेस स्टॅली यांनी पत्र लिहिणारा कोण हे शोधून काढायला बँकेच्या सुरक्षा विभागाला सांगितले. तो सापडला नाही. तरीही मे 2018 मध्ये ब्रिटिश नियामकांनी स्टॅली यांना व्यक्तिशः 6,42,430 पौंड दंड केला, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या नियामकाने बँकेला दीड कोटी डॉलरचा. स्टॅली यांचे पद मात्र टिकले, यावर तेव्हा टीकाही झाली. तरी या प्रकरणातून एक तत्त्व पक्के झाले: तक्रारदाराचा शोध घेणे हाच स्वतंत्र अपराध आहे, तक्रार खरी असो वा खोटी. आपल्याकडच्या कंपन्यांच्या धोरणांत सुडाविरुद्ध वाक्य असते. तक्रारदार कोण याचा शोध घेणाऱ्यावर कारवाई होईल, असे स्वच्छ वाक्य प्रत्येक धोरणात असावे अशी आमची मागणी आहे. मराठी वृत्तपत्रांनी अशा तक्रारदारासाठी 'जागल्या' हा शब्द रूढ केला. गावगाड्यातला जागल्या रात्र जागून पहारा करायचा आणि अख्खे गाव त्याला ओळखायचे. कंपनीतल्या जागल्याला ओळखले जाण्याचेच भय असते. त्याला अंधारातच उभे राहू देणे हे कंपनीचे काम आहे.

चांगला तपासणाराही तक्रारदाराला झाकू शकतो, आणि त्याच्या युक्त्या साध्याच असतात. एका व्हेंडरची फाइल मागवण्याऐवजी दहा व्हेंडरांच्या मागवायच्या. तक्रारीचा उल्लेख न करता नेहमीच्या अंतर्गत तपासणीत तो विषय घ्यायचा. ज्याच्यावर संशय आहे त्याच्या विभागातल्या सगळ्यांना तेच प्रश्न विचारायचे, तक्रारदारालाही. मूळ पत्र फिरवायचे नाही. नाव, तारखा, बोलण्याची लकब काढून नव्याने लिहिलेला सारांश पुढे पाठवायचा. कंपनीचा प्रामाणिकपणा जोखायचा असेल तर मूळ पत्र किती जण वाचतात, एवढे विचारावे. दोघे-तिघे असे उत्तर आले तर विश्वास ठेवायला जागा आहे.

गोपनीयतेला मर्यादा आहेत आणि त्या आधीच सांगणे हा तक्रारदाराचा मान राखणे आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार घ्या. तिच्यासाठी 2013 चा स्वतंत्र कायदा आहे आणि ती अंतर्गत समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांत करायची असते. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. या कायद्याचे कलम 16 तक्रारीचा मजकूर आणि संबंधितांची ओळख जाहीर करण्यास मनाई करते. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिची प्रत द्यावीच लागते, कारण आरोप काय हे कळल्याशिवाय बचाव कसा करणार? जगापासून नाव लपते, त्याच्यापासून नाही. पैशांच्या व्यवहारात मात्र, वर म्हटल्याप्रमाणे, कागद साक्षीदार होऊ शकतो. म्हणून दोन्ही तक्रारी एकाच मापाने मोजू नयेत. तक्रार घेणाऱ्याने पहिल्याच भेटीत सांगावे की कोणत्या टप्प्यावर तुमचे नाव उघड करण्याची वेळ येऊ शकते, आणि त्याआधी तुम्हाला विचारले जाईल. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरली असेही नव्हे. लैंगिक छळाच्या कायद्यात तर हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे.

सरकारी कंपन्या आणि सार्वजनिक बँकांमध्ये वेगळी वाट आहे, आणि तिच्यामागे एका तरुण अभियंत्याचे नाव आहे. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले सत्येंद्र दुबे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात काम करत होते. नोव्हेंबर 2002 मध्ये त्यांनी रस्त्याच्या कामातल्या गैरप्रकारांविषयी पंतप्रधान कार्यालयाला लिहिले. पत्रावर सही केली नाही. तक्रार गांभीर्याने घेतली जावी म्हणून स्वतःची माहिती वेगळ्या कागदावर जोडली आणि नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. तो वेगळा कागद पत्रासोबतच टेबलांवरून फिरला. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गया येथे दुबे यांचा गोळी घालून खून झाला. सीबीआयने तो लूटमारीतून झाल्याचा निष्कर्ष काढला आणि 2010 मध्ये आरोपींना शिक्षा झाली. खुनाचा पत्राशी संबंध न्यायालयात सिद्ध झाला नाही, हे नोंदवायलाच हवे. पण नाव गुप्त ठेवण्याचा शब्द पाळला गेला नव्हता, आणि ती एक चूकच देशाला हलवून सोडायला पुरेशी होती.

त्यानंतर 2004 मध्ये केंद्र सरकारने ठराव करून केंद्रीय दक्षता आयोगाला अशा तक्रारी स्वीकारण्याचे काम दिले. आयोगाच्या सूचना वाचल्या तर दुबे यांच्या त्या वेगळ्या कागदाची सावली त्यांत दिसते. तक्रार बंद पाकिटात, आयोगाच्या सचिवांच्या नावे, पाकिटावर ती जनहितार्थ प्रकटीकरणाची तक्रार असल्याचा उल्लेख करून पाठवायची. पाकिटावर स्वतःचे नाव-पत्ता लिहायचा नाही. आत नाव द्यायचे, कारण इथे निनावी तक्रार चालत नाही. पण मजकुरात ओळख पटेल असा कोणताही दुवा ठेवायचा नाही. पोचपावती दिली जात नाही, कारण पोचपावतीचे पाकीट चुकीच्या हाती पडू शकते. खासगी आणि परदेशी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने 2007 मध्ये अशीच योजना आणली. शेअर बाजारातल्या अंतर्गत माहितीच्या गैरवापराबद्दल सेबीने 2019 मध्ये खबर देणाऱ्यासाठी व्यवस्था केली. वसूल रकमेच्या 10 टक्क्यांपर्यंत बक्षिसाची तरतूद तिच्यात आहे आणि 2021 मध्ये बक्षिसाची कमाल मर्यादा 1 कोटीवरून 10 कोटी रुपयांवर नेली गेली.

हे सगळे तुकड्या-तुकड्यांत आहे. 2014 च्या मे महिन्यात जागल्यांच्या संरक्षणाच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण तो अमलातच आणला गेला नाही. आणला असता तरी तो सार्वजनिक सेवकांविषयीच्या तक्रारींपुरता आहे. हिंजवडीतल्या आयटी कंपनीतला, रांजणगावच्या कारखान्यातला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वित्तसंस्थेतला कर्मचारी त्याच्या बाहेरच राहतो. कंपनी कायदा संरक्षणाची 'पुरेशी तजवीज' मागतो, पण पुरेशी म्हणजे किती हे सांगत नाही, आणि नोकरी गमावलेल्याने नेमके कुठे उभे राहायचे हेही नाही. युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशात 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांना बांधून घेतले: सात दिवसांत तक्रारीची पोच, तीन महिन्यांत काय केले त्याची माहिती, आणि नुकसान झालेच तर ते सुडापोटी नव्हते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर. ही शेवटची तरतूद आपल्या कायद्यात आणण्यासारखी आहे. सुरुवातीला सांगितलेले शांत नुकसान सिद्ध करणे तक्रारदाराला जवळजवळ अशक्य असते. मालकाकडे मात्र सगळी कागदपत्रे असतात.

कंपन्यांना यात तोटा आहे असे आम्हाला वाटत नाही. फसवणूक-तपासनीसांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2024 च्या अहवालात तपासलेल्या प्रकरणांपैकी 43 टक्के कोणाच्या तरी खबरीवरून उघडकीस आली, आणि त्या खबरींतल्या निम्म्याहून अधिक कर्मचाऱ्यांच्या होत्या. तरीही लाखभर माणसे राबवणाऱ्या कंपनीच्या वार्षिक अहवालात तक्रारींच्या रकान्यात शून्य दिसते, तेव्हा संचालकांनी समाधान मानू नये. लोकांनी बोलणे सोडले आहे का, हे पाहावे. 2020 च्या आदेशानुसार वैधानिक लेखापरीक्षकालाही वर्षभरातल्या अशा तक्रारी विचारात घेतल्या का, ते आपल्या अहवालात सांगावे लागते. म्हणजे आत आलेले पत्र कपाटात बंद करून ठेवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

आणि ज्याने पत्र पाठवले आहे, त्याच्यासाठी वाट पाहण्याचे आठवडे कठीण असतात. त्या काळात आपले काम नेहमीपेक्षा काटेकोर ठेवावे, वेळा पाळाव्यात, बिले नीट लावावीत. तक्रारीच्या आधीची अप्रेझल पत्रे, कौतुकाचे शब्द, मिळालेल्या बढत्या यांची तारीखवार नोंद घरी असावी. पुढे काही बिनसले तर आधीचे आणि नंतरचे यांतला फरक त्या तारखाच दाखवतात. पोर्टल आठवड्यातून एकदा उघडून पाहावे, कारण तपासणाऱ्याचा एखादा प्रश्न तिथे उत्तराची वाट पाहत असू शकतो. तीन महिने काहीच हालचाल दिसली नाही, तर लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांच्या नावे दुसरे पत्र टाकावे, पहिल्या तक्रारीचा क्रमांक घालून, आणि पुन्हा तितक्याच जपून लिहिलेले.